न बोलणारं बटण

बंगलोरच्या राजाजीनगरात मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्याचे मालक सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. मूळचे सोलापूरकडचे, पण दोन पिढ्या इथेच मुरलेले; बोलताना मधेच कानडी शब्द यायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. काकू वारल्यावर अमेरिकेतल्या मुलीनं त्यांना कॉम्प्युटर आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम आणून दिला होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेल्या मलाही असलं काही ठाऊक नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्यांनी जिन्यातून हाक मारली. खाली गेले तर हॉलच्या खिडक्या बंद, दिवा नाही, मॉनिटरही काळा. आणि त्या अंधारात एक पुरुषी आवाज श्वासही न घेता इंग्रजी बोलत सुटला होता. माझ्या अंगावर काटा आला.

"काका, मॉनिटर बंद आहे."

"असू दे गं. मला काय करायचाय तो? तू बस."

मुलीला पत्रं पाठवायला त्यांना ईमेलचं खातं उघडायचं होतं. माउस त्यांच्या उपयोगाचा नव्हता. टॅबची कळ दाबायची की पुढचा रकाना, असं चाललं होतं. पण प्रत्येक रकान्यावर आवाज नुसतं "एडिट" म्हणे. नाव कुठे, पासवर्ड कुठे, काही सांगेना. मग एका जागी तो गप्पच झाला.

"बघ," काका हळूच म्हणाले, "इथे काहीतरी आहे. पण बोलत नाही."

मी मॉनिटरकडे हात नेला.

"स्वल्प, जरा थांब. आधी तू करून बघ. डोळे मिटून."

मी टॅब दाबत गेले. एडिट. एडिट. एका रकान्यात स्वतःचं नाव टाइप केलं. आवाज अक्षरं सांगेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "स्टार. स्टार. स्टार." जणू मला नावच नव्हतं. घाबरून पुन्हा टॅब दाबला, तर ती शांतता आली. दाराआड कुणी श्वास रोखून उभं असावं तशी. डोळे उघडले, तरी समोर काळंच.

मॉनिटर लावल्यावर उलगडा झाला. नाव मी पासवर्डच्या रकान्यात लिहिलं होतं, जिथे अक्षरं लपवून नुसत्या चांदण्या दिसतात. गप्प जागी फॉर्म पाठवायचं बटण होतं, पण ते होतं चित्राचं. त्या चित्राला शब्दांत नाव द्यायचं बनवणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

मी रकाने क्रमानं वाचून दाखवले. काकांनी ते पाठ केले, मला मॉनिटर बंद करायला लावला आणि सगळं स्वतः भरलं. त्या शांततेपाशी पोचल्यावर एंटर दाबलं. बराच वेळ काहीच नाही. मग आवाज एकदम सुरू झाला. खातं उघडलं होतं.

"सरी," झालं एकदाचं अशा सुरात काका कानडीत म्हणाले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

काही दिवसांनी मुलीचं पत्र आलं. मराठीच, पण रोमन अक्षरांत. आवाज ते इंग्रजी समजून वाचत होता. मला एकही शब्द कळेना. काका मात्र मान डोलवत होते.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"आईच्या साड्या कुणाला देऊ नका म्हणते," ते म्हणाले, आणि तो आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.