द्वारकाबाईच्या राणीनं काय केलं

खुलताबादच्या अंगाला कपाशीच्या खुरपणीत द्वारकाबाई असली की बायांना ऊन जाणवायचं नाही, इतक्या कहाण्या तिच्याजवळ होत्या. टाकलेल्या राणीची तर दर हंगामाला व्हायची. राजा दुसरी करतो, राणी रानात त्याचं नाव घेत बसते, शेवटी राजाला पस्तावा होतो.

तिचा नवरा रामकिसन वाळूजला कारखान्यात होता. तिथंच खोली करून राहायचा, पंधरवड्याला घरी यायचा. त्या पोळ्याला आला नाही. आजारी असेल म्हणून द्वारकाबाई पुरणपोळ्या बांधून एसटीनं निघाली. विचारत विचारत खोली सापडली. दार एका बाईनं उघडलं.

"रामकिसन इथंच राहतेत का?"

"व्हय. कामावर गेलेत. तुमी कोण?"

"त्यांची बायको."

बाई उंबऱ्यातच बसली. साळूबाई तिचं नाव. "मला तर म्हणले, बायको वारली," ती कशीबशी बोलली.

द्वारकाबाईला वाटलं, हिच्या झिंज्या उपटाव्या. पण बाईचा चेहरा पांढरा पडलेला. द्वारकाबाईनंच आत जाऊन माठातलं पाणी आणलं, बाईला दिलं, पोळ्या तिथंच ठेवल्या आणि परतली.

बातमी गावात पोचलीच. शेतात बाया गप्प खुरपत होत्या, कहाणी कुणी मागेना. मग द्वारकाबाईनंच सुरुवात केली. राणी रानात गेली इथपर्यंत आली आणि थांबली.

"मग?" शेजारी खुरपणाऱ्या मनकर्णाबाईनं विचारलं.

"मग काय, तिनं शेळ्या पाळल्या. लई शेळ्या झाल्या."

"अन् राजा?"

"राजाचं मला काय ठावं? कहाणी राणीची हाय."

"पण असं नव्हतं ते."

"आधीचं तरी कुठं खरं व्हतं?"

दिवाळीला रामकिसन आला. साळूबाईनं त्याला बाहेर काढलं होतं. द्वारकाबाईनं जेवायला वाढलं, अंथरूण मात्र ओसरीत टाकलं.

"माझं चुकलं," तो खाली बघत म्हणाला.

"मला तर तुमी मारून टाकलं व्हतं. मेलेल्या माणसापुढं चूक कबूल करून काय उपयोग?"

तो ओसरीत जाऊन पडला. सकाळी चहा घेऊन वाळूजला गेला. पुढंही सणावाराला येत राहिला, पाहुण्यासारखा. द्वारकाबाई जेवणाचं विचारायची, त्यापलीकडं काही नाही.

"आता काही वाटत नसंल तुला," मनकर्णाबाई एकदा म्हणाली.

"वाटतं की," द्वारकाबाईनं सरळ सांगितलं. "पण घरात घ्यावं, असं नाय वाटत."