तीनशे मीटरची वायर आणि पिवळे फेटे

बाई गं, ही फजिती मीच सांगून टाकते. नाहीतर माझी जाऊ सांगेल, आणि ती सांगताना दुप्पट करते!

तळवड्यातलं आमचं रान गेलं, राहिला एक लांबुळका पट्टा. आतल्या टोकाला मी, रस्त्याकडेच्या टोकाला धाकटी जाऊ सुमन. मधी भाड्याच्या खोल्या. तर ह्या सुमननं दारात कॅमेरा बसवला, आणि आल्यागेल्याला टीव्हीवर दाखवत सुटली. माझ्या पोटात नुसता जाळ!

लेकाला म्हटलं, "बाळू, आपल्याला बी पाहिजे." त्यानं कॅमेरेवाला आणला.

"कुठं लावू, आजी?"

"पार रस्त्याच्या खांबावर. तोंड सुमनच्या दाराकडं."

त्यानं अंतर मोजलं. "तीनशे मीटर भरतंय. ह्या वायरीतनं चित्र दोनशेपर्यंत धड येतं, पुढं मरत जातं. रेकॉर्डरचा डबा तिकडंच कॅमेऱ्याजवळ ठेवू."

"माझा डबा तिच्या दारात? तिची वायर किती हाय?"

"असंल वीस मीटर."

"मग माझी तीनशे! ओढ."

चित्र कसलं, धुकं आलं! रंग विटलेले, माणसांच्या कडा पुसलेल्या. मी मोतीबिंदूला दोष दिला, पण वायरीला बोल लावला नाही. तिच्यापेक्षा लांब होती ना!

एका सकाळी बघते तर सुमनच्या दारात गर्दी. पाच-सहा पुरुष, डोक्यावर पिवळट काहीतरी. फेटे! तिच्या नातीला स्थळं बघत होते, हे मला ठाऊक. म्हणजे आज सुपारी फुटतेय, आणि थोरल्या जावेला आवतण नाही? ह्या घरात माझ्याशिवाय आजवर एक तरी सुपारी फुटली होती का?

"आई, थांब, काकीला फोन लावतो."

"फोन कशाला? डोळ्यांनी बघतीय की!"

नऊवारी नेसले, नथ घातली, ताटात खण-नारळ घेतला आणि तीनशे मीटर तणतणत निघाले. वाटेत दोन भाडेकरणी ओढून घेतल्या, साक्षीला!

"सुमे! नातीची सुपारी फोडतीस अन् मला सांगत न्हाईस व्हय गं?"

सगळी डोकी वळली. फेटे कुठले! पिवळी हेल्मेटं. मधी ड्रेनेजचं चेंबर उघडं, आणि वास असा की माझी नथ वाकडी झाली!

सुमननं ताटाकडं बघितलं. "सुपारी कसली, अक्का? लाइन तुंबलीय."

"मग तसं तरी कळवायचंस!" मी अजून ताठच.

तेवढ्यात मुकादम म्हणाला, "मावशी, तुंबारा आतल्या टोकाच्या घराकडनं आलाय. कुणाचं घर ते?"

दोन्ही भाडेकरणी माझ्याकडं बघायला लागल्या.

सुमननं पदर तोंडाला लावला. "या अक्का, पुढं या. आज पहिला मान तुमचाच हाय!"