दीड बोट तोंड

"मोढुं खोल," शेठाणी बोलली.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. लिंबायतचं साडीचं खातं, म्हणजे शेठाणीचा छोटा कारखाना. आम्ही वीस बाया खाली बसलेल्या. शेठाणीच्या हातात साडी, साडीवर तपकिरी डाग. डाग माझ्या थुंकीचा, मी तंबाखू खाते, असं तिचं म्हणणं. मी तर मिसरीपण लावत नव्हती.

तोंड उघडलं. दीड बोट. वरीस झालं, त्यापुढं उघडतच नव्हतं. तिला वाटलं, लपवते. शेजारची सुमनबाई, अमळनेरकडची, हळूच बोलली, "दखाडी दे ना वं माय, नहीं ते काम जाई."

शेठाणीनं लाकडी फुटपट्टी घेतली आणि माझ्या दातात घातली. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. कानाजवळ कट्ट वाजलं. आता तोंड मिटेना. लाळ गळत होती मांडीवर. आत काहीच नव्हतं. तिनं पट्टी माझ्याच पदराला पुसली.

"चाल, कामे लाग."

काम म्हणजे धागे तोडायचे. साडीच्या लेसचे सुटे धागे, दातानं. कातर चालायची नाही, साडीला चीर जाते म्हणे. सात वरीस हेच. साडी तोंडाशी घ्यायची, तोडायचं, पुढची घ्यायची.

दुखणं त्याच्या वरीसभर आधी कानातून सुरू झालं. लसणाचं तेल टाकलं. मग रस्त्यावरच्या दातवाल्याकडनं दोन दाढा काढल्या. चांगल्या होत्या. दुखणं तिथंच. भाकरी चहात भिजवून गिळायची. जांभईची भीती वाटायची. भाचीच्या लग्नात पेढा तोंडात जाईना, तर विहीण बोलली, लई गर्व आहे बाईला. हसणं सोडलं. बोलणंपण. घरी मालक, माझा नवरा, विचारायचे, रागावली का? रागावली नव्हती. उघडत नव्हतं.

पट्टी घातली त्या दिवशी तशीच, तोंडाला पदर लावून, सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीण होती, कोवळी पोरगी. तिनं अंगठ्यानं दाबून जबडा बसवला. मग विचारलं, दातानं काय तोडता? आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हातानं दाखवलं. धागा.

"ते बंद करा. नाहीतर एक दिवस तोंड उघडणारच नाही."

मालकांचं लूमवरचं काम सुटलेलं. घरात चार खाणारे. काम सोडलं तर चूल बंद, नाही सोडलं तर तोंड.

दुसऱ्या दिवशी गळ्यात दोरीनं कातर बांधून गेली. जागेवर बसली. शेठाणी आली, कातर नहीं चाले, बोलली.

मी बोलली, "मग तुझ्या दातानं तोड."

सात वरीस जिला बेन म्हणत आली, तिला तू. बाया धागे तोडत राहिल्या. फक्त सुमनबाईनं तोंडातला धागा सोडला.

मला काढलं. भेस्तानला दुसरं खातं मिळेपर्यंत दोन महिने गेले, लई वाईट गेले. तिथं आधी कातर मागितली, मग काम.

आजपण तोंड दीड बोटच उघडतं. दात अकरा उरलेत. ते भाकरीचे आहेत. धाग्याला एकपण लावणार नाही.