धुक्यात एकदा ओ आली नाही

आत्ताच्या आत्ता सांगते, अजून बूटही काढले नाहीयेत! आज गडावरून उतरताना कड्यालगतच्या निसरड्या वाटेवर दाट धुकं आलं. अशा वेळी पुढच्याने हाक मारायची, शेवटच्याने ओ द्यायची, ही आमची पद्धत. पुढे मी होते, शेवटी माझी मैत्रीण मृणाल. दर हाकेला तिचं, "आहे गं बाई, चाल तू!" मग एकदा ओ आलीच नाही. दगड खाली गडगडत गेल्याचा आवाज तेवढा आला. आणि मी, खरंच, तिच्या आईला फोनवर काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले!

मग धुक्यातून तीच ओरडली, "घसरले होते गं, झुडपाला धरून बसलेय!"

आली तेव्हा ती हसत होती. माझ्याने तिच्याकडे बघवेना. जिवंत माणसाला मन इतक्या पटकन सोडून देतं? तुमच्याही मनाने असं केलंय कधी?