चाखून न बघणारी परीक्षक

माझी बायको टीव्हीवरच्या लोकांना नापास करायची. दुपारची भांडी उरकली की पदराला हात पुसत ती स्वयंपाकाच्या स्पर्धेपुढं बसायची. तिथला कुणी मोठ्या ताटलीत घासभर भाजी ठेवून वर हिरवं पान खोचायला लागला की हिचा निकाल तयार, "एवढंसं? पाहुणा काय चिमणी हाय का?" पुंडलिकनगरातली आमची सगळी गल्ली तिला परीक्षक म्हणायची. मीपण तेच म्हणायचो. माहेर फर्दापूरचं, शाळा चौथीपर्यंत, पण निकाल ठाम.

तिचा खरा राग चमच्यावर. टीव्हीवरचे सगळे शिजता शिजता चाखतात. "उष्टं केलं मेल्यानं!" म्हणून ही तोंड फिरवायची. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिनं कधी जिभेला काही लावलं नाही. मीठ वासावरून कळतं म्हणायची. मिठाला वास नसतो, असं मी लई वेळा सांगितलं. पण भाजी कधी चुकली नाही, मग माझं कोण ऐकतंय?

मी जेवण चांगलं झालंय म्हणालो तरी ते धरायची नाही. "तुमचं काय! भुकेलं माणूस, दगड वाढला तरी खासाल. एकदा परक्या माणसानं म्हणायला पाहिजे." हे बोलताना मात्र ती हसायची नाही.

मग एका गणपतीत गल्लीतल्या मंडळानं पाककलेची स्पर्धा ठेवली. हिनं येसराची आमटी धरली. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत असते तीच. धान्यं, डाळी, मसाले भाजून दळायचे आणि ते पीठ फोडणीच्या पाण्याला लावायचं. मंडपात एवढी माणसं बघून ती गोंधळली, दहादा पदर सावरत होती. शेजारच्या शिंदेवहिनी कानाशी म्हणाल्या, "काकू, चाखून तर बघा."

"पंगतीआधी? नाय बाई."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. मीठ टाकायचंच राहिलं होतं.

घरी येताना मी म्हणालो, "त्या बाईला काय कळतं!"

"तिला कशाला बोलता? अळणी होती. मीच नापास केलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी परत टीव्हीपुढं. स्पर्धेतून निघालेली एक पोरगी रडत होती. आमची परीक्षक तिला म्हणाली, "रडू नको गं. पुढच्या साली ये." कुणाला सांगत होती, ते मला कळलं.

पुढच्या साली तीच आमटी. उकळी आल्यावर तिनं वाटीभर काढली, मंडपातल्या गणपतीपुढं नेऊन ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. मग परत आली आणि सगळ्यांदेखत चमचा तोंडात घातला. वर्षभर हा तोडगा तिच्या डोक्यात शिजत होता! "देवाचं झालं," म्हणाली आणि चिमूटभर मीठ वाढवलं.

दुसरा नंबर आला. स्टीलचं पातेलं मिळालं. पण तिला त्याचं काही नव्हतं. घरी येईपर्यंत एकच, "अहो, बघितलं ना? परीक्षक बाईनं वाटी परत पुढं केली."

ती गेली तेव्हा लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. मरण ते मरण, त्यात सोनं कसलं! आमची पोरगी म्हणाली, बाबा, डबा लावा. लावला, घशाखाली उतरला नाही, बंद केला. आता दुपारी तीच स्पर्धा लावतो आणि आवाज वाढवून तिच्या बक्षिसाच्या पातेल्यात आमटी टाकतो. पहिल्यांदा येसर तसंच उकळत्या पाण्यात ओतलं, तर गोळेच गोळे. आता आधी गार पाण्यात कालवून घेतो. वाटी पहिली तिच्या फोटोपुढं, मग मी चाखतो. मीठ कमी पडलं तर फोटोकडं बघून म्हणतो, "नापास ना? थांब जरा." आणि टाकतो.

काल शिंदेवहिनी डोकावल्या. म्हणालो, "बसा, आमटी घ्या. माझ्या तोंडाचं खरं नाही, परक्या माणसानं सांगायला पाहिजे."

त्या बसल्या, भुरके मारत सगळी प्यायल्या. वाटी परत पुढं केली.