आखाजीचा विडा

शेतमालक नानांनी विडा वरून टाकला. माझ्या बापाने उपरणं पसरून झेलला, कपाळाला लावला. झालं. पुढच्या आखाजीपर्यंत बाप त्यांचा.

आमच्या चोपड्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला, अक्षय्य तृतीयेला सुरू होतं. मालकाचा विडा घेतला की साल पक्कं. इतर सालदारांना विडा हातात मिळायचा. आम्ही गावकुसाबाहेरचे, आम्हाला वरून. बापाने कधी खाली पडू दिला नाही, याचा त्याला अभिमान होता. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा उन्हाळा असेल. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जाणार होतो. नानांनी आणखी एक विडा उचलला नि माझ्याकडे पाहिलं.

"काय शिकस रे तू?"

"तत्त्वज्ञान. इतिहास. अर्थशास्त्र बी."

ओट्यावर बसलेल्यांत हशा पिकला.

"ते पोट भरेल लोकेसनं काम शे. आयटीआय कर, मन्ही विहिरवरनी मोटार तरी दुरुस्त करशी. नही तं हाऊ इडा ले, नि बापनासंगे केळीमा लाग."

विडा आला. मी हात पुढे केला नाही. तो मातीत पडला.

"उचली ले रे पोऱ्या," बाप म्हणाला.

उचलला तर कॉलेज संपलं. नाही उचलला तर बापाची भाकरी गेली. वर्गात सर सारखे विचारायचे, रीत आहे म्हणून ती बरोबर, हे कशावरून? मी ते परीक्षेपुरतं घोकलं होतं. त्या अंगणात ते तोंडातून बाहेर पडलं.

"नाना, इडा वरथून काबर टाकतस? हातमा काबर नही देतस?"

नाना माझ्याशी बोललेच नाहीत. बापाला म्हणाले, "तुना बी इडा खाले ठेव."

बापाने ठेवला. साल गेलं; पुढे वर्षभर त्याने रोजंदारीवर केळीच्या घडांचे ट्रक भरले. खांदे सोलून निघाले. मला त्याचं फार वाईट वाटतं. लाज वाटत नाही.

फिटर झालो असतो तर नानांना चाललं असतं. मोटार दुरुस्त करणारा त्यांना हवाच होता. विहीर कुणी खणली, पाणी कुणाला मिळतं, आणि हे असंच का, असं विचारणारा नको होता.

आता मी धुळ्यात तत्त्वज्ञान शिकवतो. आजही कुणीतरी म्हणतं, आपल्या पोरांना हे कशाला? मी म्हणतो, आपल्याच पोरांना तर हवं. नानांनी अजून उत्तर दिलेलं नाही. मी विचारणं सोडणार नाही, आणि माझ्या वर्गातली ही पोरंही सोडणार नाहीत.