मोठी एबीसीडी

शहागंजात घड्याळजीच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून टाइपवाल्या आपा लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून देत. कलेक्टर, तहसीलदार ही पदं त्या लहान एबीसीडीत लिहीत. अर्जदाराच्या धंद्याचं पहिलं अक्षर मात्र मोठं: शेतकरी असला तर 'फार्मर'चा एफ, शिंपी असला तर 'टेलर'चा टी. कुणी टोकलं, की चष्म्यावरून बघत म्हणत, "उर्दूत मोठं अक्षर नाय, मराठीत नाय. इंग्रजीत हाय, तर ते काय साहेबाच्या बापाचं व्हय?"

फुलंब्रीतल्या आमच्या विहिरीला वीज मागणारा आईचा अर्ज असाच परत आला. कारकुनानं लाल शाईनं 'कलेक्टर'चा सी मोठा केला होता, 'फार्मर'चा एफ खोडला होता.

"आपा, या बारी त्यांच्या मनासारखं करा," मी म्हणालो. "आईची वीज अडलीय."

आपांनी कोरा कागद चढवला. मोठ्या अक्षरांची कळ दाबून तिथंच अडकवली आणि पहिल्या ओळीपासून सहीच्या जागेपर्यंत सगळाच्या सगळा अर्ज मोठ्या एबीसीडीत ठोकला.

"घे," त्या म्हणाल्या. "त्याला म्हणावं, आता यातला साहेब हुडकून दाखव."